वाचनालयातून डिस्क आणून पिक्चर बघणं : बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव (बेळगाव)

टिळकवाडीत आमच्या घराजवळ जे वाचनालय आहे तिथं पुस्तकांच्या वर्गणीतच पिक्चरच्या डिस्क पण मिळतात. दोन पुस्तकं आणि एक डिस्क, आठवडाभर ठेवायची. गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून मी हे वापरायलोय, आणि भेटेल तो विचारतो की सगळं मोबाईलवर असताना हे कशाला, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं मत एकच आहे. पिक्चर चांगला की वाईट हे ठरवायच्या आधी हातातली कॉपी कशी आहे ते बघा. वाचनालयात काउंटरवर एक अभिप्रायाची वही ठेवलीय, डिस्क परत करताना लोक त्यात दोन-चार ओळी लिहितात, मी ती नेहमी वाचतो, आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारी पिक्चरच्या नसतातच, कॉपीच्या असतात. 'सामना'बद्दल दोघांनी लिहिलंय की शेवट अर्धवट सोडलाय, काही कळत नाही. जब्बार पटेलांचा हा पिक्चर, तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ ला बर्लिनच्या फेस्टिव्हलला गेलेला, त्याचा शेवट अर्धवट कसा असेल? डिस्क आणून लावली तर शेवटाकडं चित्र अडकतंय आणि एकदम पुढं उडी मारतंय, मधला सगळा भाग गायब. म्हणजे गायब झालेल्या मारुती कांबळेचा माग काढत मास्तर जिथं पोचतात नेमकं तेच दिसत नाही. आमच्याकडं चिकोडी-अथणी साइडला ऊस आणि कारखान्याचं राजकारण लोक जन्मापासून बघतात, निळू फुल्यांचा साखर कारखानदार हिंदुराव त्यांना समजावून सांगावा लागत नाही, आणि तीच माणसं खराब डिस्कमुळं पिक्चर टाकाऊ म्हणून परत देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं 'संत तुकाराम'. प्रभातचा १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा, पुढच्या वर्षी व्हेनिसला गौरवलेला. त्या काळच्या पिक्चरची चौकट जवळजवळ चौकोनी असायची आणि आपले आत्ताचे टीव्ही आडवे लांब, त्यामुळं टीव्ही ती चौकट ताणून पूर्ण पडदा भरतो, प्रत्येक माणूस तिसऱ्या हिश्श्यानं रुंद दिसतो. विष्णुपंत पागनीसांचा तो शांत चेहरा असा पसरट बघितला तर तुकोबा वाटतच नाहीत. रिमोटवर ४:३ करा, लॅपटॉपवर व्हीएलसी (व्हिडिओ बघायचं फुकटचं सॉफ्टवेअर) असेल तर 'ए' दाबत राहा, चौकट जागेवर येते, बाजूला काळ्या पट्ट्या येतात त्या येऊ देत. नीट चौकटीत मी जिजाईचा तो सीन परत बघितला, पोरगं आजारी पडलंय आणि ती चिडून पायातलं घेऊन थेट विठोबाला मारायला देवळात जाते तो. जिजाई झालेल्या गौरीबाईंचा राग, काळजी, देवावरचा हक्क, सगळं चेहऱ्यावर आणि चालण्यात दिसतं, एवढं खरं काम मी आजच्या पिक्चरमध्ये पण फार कमी बघितलंय. माझ्या मते त्या पिक्चरमध्ये तुकोबांच्या बरोबरीनं जिजाईचं काम आहे.

त्याच डिस्कमध्ये अजून एक गोष्ट सापडली, ती आमच्या काकांनी धरली. काका पेटी वाजवतात. 'आधी बीज एकले' चालू झालं (हे तुकोबांचं नाही, पिक्चरसाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आहे, पुष्कळांना माहीत नसतं) आणि ते म्हणाले, "अरे हे वर चढलंय की, सूर असा नाही हा." पेटीवर लावून दाखवलं, जवळजवळ अर्धा सूर वर. कारण असं की पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि पाल सिस्टिमच्या (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीच्या) डिस्कवर तो २५ नं पळवतात, म्हणून सगळं चार टक्के फास्ट, दोन तासांचा पिक्चर पाचेक मिनिटं आधी संपतो आणि आवाज वर जातो. व्हीएलसीत स्पीड ०.९६ केला आणि सूर कायम ठेवायचा पर्याय बंद केला की आवाज खाली येतो. गाण्यांच्या पिक्चरला तरी एवढं कराच.

व्हीसीडी (डीव्हीडीच्या आधीची जुनी डिस्क) मात्र शक्यतो घेऊ नका. त्यात चित्रच मुळात ३५२ बाय २८८ चं असतं, एक पिक्चर दोन डिस्कवर तोडलेला, सबटायटल असली तर चित्रावरच छापलेली. गिरीश कासारवल्लींचा 'घटश्राद्ध' मी आधी व्हीसीडीवर लावला. १९७७ चा ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर, स्वर्णकमळ मिळालेला, अनंतमूर्तींच्या कथेवरचा. रात्रीचे सीन म्हणजे नुसते काळे ठोकळे, वहीत कुणीतरी लिहिलंय लाईटच दिलेला नाही. नंतर तिथंच मागच्या कपाटात डीव्हीडी मिळाली, त्यात एस. रामचंद्रांचं कॅमेऱ्याचं काम कळलं, कंदिलाच्या उजेडात पोराचा चेहरा तेवढा दिसतो आणि यमुनक्का या तरुण विधवेचं काय चाललंय ते आपल्याला त्याच्या डोळ्यांतूनच समजतं. तो चेहरा दिसला नाही तर पिक्चरमध्ये उरतंय काय? शेजारच्या कन्नड आक्का सोबत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या ही मलनाडकडची कन्नड आहे, आपल्या बेळगाव-धारवाडकडची नव्हे, त्यांना पण काही ठिकाणी खालची अक्षरं वाचावी लागली. आक्कांमुळं मी कन्नड पिक्चर घ्यायला लागलो, वाचनालयात तो खण मराठीच्या शेजारीच आहे आणि मराठी सभासद तिकडं फारसे फिरकत नाहीत, फिरकायला पाहिजे.

'कोर्ट'वर वहीत तीन जणांनी "संथ" लिहिलंय. हे मात्र कॉपीचं नाही, डिस्क एकदम स्वच्छ आहे, त्यामुळं इथं पिक्चरबद्दलच बोलतो. चैतन्य ताम्हाणेंनी कॅमेरा लांब ठेवून स्थिर ठेवलाय, सुनावणी संपली तरी लगेच कट करत नाहीत, आणि त्यामुळंच तारीख पे तारीख म्हणजे काय ते अंगावर येतं. खटला ज्या शाहिरावर चाललाय तो गप्प उभा आणि त्याच्याबद्दलचं निम्मं बोलणं इंग्रजीत. आपल्या भागात ज्याच्या हातात न वाचता येणाऱ्या भाषेतला कागद पडलाय आणि जो टेबलाटेबलाला "एवढं वाचून सांगता काय" म्हणत फिरलाय, त्याला तो माणूस लगेच ओळखीचा वाटेल. संथ म्हणून अर्ध्यावर बंद करू नका, शेवटपर्यंत बघा.

डिस्कची काळजी. आपल्याकडं पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या डिस्कवर पांढुरकी बुरशी धरते. मऊ सुती कापड जरा ओलं करून मधनं कडेकडं सरळ पुसा, गोल गोल अजिबात नको, कारण डिस्कवरची माहिती गोलाकार लिहिलेली असते, गोल ओरखडा त्याच रेषेवर लांबपर्यंत जातो आणि प्लेअरला दुरुस्त करून वाचता येत नाही. आडवा ओरखडा बहुतेक वेळा पचतो. लॅपटॉपला यूएसबीचा ड्राइव्ह जोडून बघत असाल तर करंट गेला तरी पिक्चर थांबत नाही, हा एक फायदा.

तक्रारी आहेत. कव्हर एकाचं आणि आत डिस्क दुसऱ्याची असं बऱ्याचदा होतं, तिथंच उघडून बघा. यादी फक्त नावावरनं आहे, साल नाही, डायरेक्टर नाही, त्यामुळं एका माणसाचे पिक्चर ओळीनं बघायचे तर सगळं कपाट हुडकावं लागतं. 'सैराट'नंतरचं मराठी जवळजवळ काहीच नाही. तिथल्या बाई चांगल्या आहेत, विचारलं तर स्वतः उठून शोधून देतात, पण खरेदी कमिटीच्या हातात आहे. मी लेखी दिलंय की प्रत्येक कव्हरवर व्हीसीडी की डीव्हीडी, सबटायटल कुठल्या भाषेत आणि कुठं अडकते एवढं चिकटवा, आणि 'सामना'ची नवीन कॉपी आणा. अजून उत्तर नाही. तुम्ही पण सभासद असाल तर असाच एक अर्ज देऊन या, एकट्याच्या अर्जावर कमिटी हलत नाही.