टू-व्हील की फोर-व्हील? कार्पेट ट्रॅकसाठी पहिली आरसी बग्गी घेताना

रिमोटवर चालणारी पहिली आरसी बग्गी टू-व्हील, म्हणजे मोटरची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळणारी, घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या इंदूरच्या हॉलमध्ये शर्यती पाहायला आलेलं कोणी ना कोणी टू-व्हील घ्यावी की फोर-व्हील, हा प्रश्न विचारतंच, आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा व्हिडिओ पाहून फोर-व्हील मनात पक्की केलेली असते. चारही चाकांना ताकद मिळते म्हणजे गाडी सरस, हा हिशोब वरवर बिनचूक वाटतो. म्हणून दोन्ही गाड्या शेजारी ठेवून, कार्पेटवर त्या प्रत्यक्षात कशा वागतात ते सांगतो. मी दोन्ही चालवतो आणि दोन्हींवर माझा जीव आहे.

बोलतोय ते खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या इलेक्ट्रिक बग्गीबद्दल. या मापाच्या ऑफ-रोड गाड्यांची जागतिक स्पर्धा 1985 पासून होते आणि तिच्यात टू-व्हील व फोर-व्हील असे दोन वेगळे किताब असतात. जपानचा मासामी हिरोसाका 1987 मध्ये ब्रिटिश बनावटीची शूमाकर कॅट घेऊन फोर-व्हीलचा जगज्जेता झाला. त्यानंतर फोर-व्हील गाड्या कितीतरी पुढे गेल्या, तरी टू-व्हीलचा किताब आजही तेवढ्याच चुरशीने लढला जातो. एकाच ट्रॅकवर तेच ड्रायव्हर दोन्ही वर्गांत उतरतात. म्हणजे टू-व्हील ही शिकाऊ गाडी आणि फोर-व्हील ही खरी गाडी, अशी चढती पायरी इथे नाहीच.

इंदुरात या गैरसमजाला आणखी एक कारण आहे. जवळच्या पीथमपूरला 2007 पासून एसएई इंडिया या वाहन-इंजिनीअरांच्या संस्थेच्या बाजा स्पर्धा झालेल्या आहेत. इंजिनीअरिंगची मुलं स्वतः बांधलेल्या एका सीटच्या बग्ग्या खड्ड्या-चिखलातून पळवतात. घरात कोणाचा दादा त्या टीममध्ये असेल तर तो ठामपणे सांगतो, फोर-व्हीलला पर्याय नाही. चिखलासाठी त्याचं म्हणणं अगदी खरं आहे. चाकाखाली पकड कमी असते तिथे ताकद चार चाकांत वाटली की गाडी फसत नाही. पण आमच्या हॉलमध्ये कार्पेट आहे, वर बारीक पिनांचे मऊ रबरी टायर. इथे पकड इतकी असते की वळणात गाडी घसरायच्या ऐवजी बाहेरच्या चाकांवर उठते आणि उलटते. फोर-व्हील ज्या अडचणीवर औषध आहे, ती अडचण या ट्रॅकवर मुळातच थोडी आहे. मातीच्या ट्रॅकवर दोन गाड्यांमध्ये जे अंतर पडतं ते कार्पेटवर बरंच आवळतं. फोर-व्हील तरीही वेगवान आहे, पण तेवढ्यासाठी मोजावी लागणारी किंमत तशीच राहते.

वळणात

सरळ पट्ट्याच्या टोकाला, ट्रॅकची कड आखणाऱ्या पाइपभोवती उलट फिरणारं एक अरुंद वळण आहे. दोन गाड्यांतला फरक समजून घ्यायचा तर तिथेच उभं राहावं.

फोर-व्हील तिथे येते. रिमोटचा ट्रिगर (ओढला की वेग, पुढे ढकलला की ब्रेक) पुढे ढकलून ब्रेक लावला की मोटर चारही चाकांना एकदम आवरते. गाडी खाली बसते, शेपूट जागची हलत नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं, नाक आत आलं की ट्रिगर ओढायचा, पुढची चाकं गाडीला ओढून बाहेर काढतात. ट्रिगर घाईने ओढला तरी फार तर नाक बाहेर वाहत जातं, पाइपला घासतं आणि गाडी पुढे निघते. चूक होते, पण थोडक्यात निभावते.

टू-व्हीलमध्ये ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर असतो. गाडी सरळ असताना लावला तर काही त्रास नाही. पुढची चाकं वळलेली असताना लावला की मागची बाजू सुटते आणि गाडी जागच्या जागी गिरकी घेऊन उलट्या तोंडाने उभी राहते. त्यामुळे ब्रेक आधी, पूर्ण सुटल्यावर वळण, आणि वळणाच्या मध्यावर ट्रिगर अगदी कणभर, मोटरचा आवाज जेमतेम बदलेल एवढाच. चाकं सरळ होऊ लागली की मग मोकळं सोडायचं. हा क्रम अंगात भिनायला काही आठवडे जातात. पण एकदा भिनला की फोर-व्हील हातात आल्या आल्या तुम्ही जलद असता. उलटं होत नाही. फोर-व्हीलवर वाढलेला हात टू-व्हीलवर आला की पहिल्या वळणालाच फिरतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय, आणि त्यांपैकी काहींनी वैतागून टू-व्हील विकूनही टाकली.

उडीवर दोघींचा स्वभाव जवळपास सारखा. हवेत असताना ट्रिगर ओढला तर नाक वर जातं, ब्रेक लावला तर खाली येतं. फोर-व्हीलमध्ये चार चाकं एकदम फिरतात किंवा थांबतात, त्यामुळे हा परिणाम जास्त जाणवतो आणि उडी सुधारायला वाव मिळतो. टू-व्हीलमध्ये प्लायवूडच्या चढावर गाडी कशी सोडता यावरच पुढचं बहुतेक ठरतं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिल्या काही रविवारी फोर-व्हीलवाला तुमच्या पुढेच राहील. शर्यत पाच मिनिटांची, जास्तीत जास्त फेऱ्या मारेल तो वर. एकदा गिरकी खाल्ली, मार्शलने येऊन गाडी सरळ केली, की तेवढ्यात बाकीचे अर्धी फेरी निघून गेलेले असतात. ज्याला हे सहन होत नाही, किंवा ज्याचं मूल आठ-नऊ वर्षांचं आहे आणि सतत उलटणाऱ्या गाडीने रडकुंडीला येईल, त्याने बिनधास्त फोर-व्हील घ्यावी. त्या वयात गाडी पळत राहणं सगळ्यात महत्त्वाचं.

घरी आल्यावर

माझं मत टू-व्हीलकडे झुकतं ते खरं तर इथे. ट्रॅकवर आपण दोन-तीन तास असतो, पण गाडी आठवडाभर घरात असते.

टू-व्हीलला मागे एक गिअरबॉक्स, त्यात एक डिफरन्शियल (थोडक्यात डिफ; वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच), चाकांपर्यंत ताकद नेणारे दोन ड्राइव्हशाफ्ट. पुढच्या चाकांत बेअरिंग सोडलं तर फिरणारं काही नाही. फोर-व्हीलला पुढेही एक डिफ, पुढचे दोन ड्राइव्हशाफ्ट, आणि दोन्ही टोकं जोडणारा मधला शाफ्ट किंवा बेल्ट. बेअरिंगची संख्याही त्याच मानाने वाढते. कार्पेटचे बारीक धागे सुटतात आणि चाकाच्या आतल्या बाजूला धुरीभोवती घट्ट गुंडाळले जातात. चाक काढलं तर राखाडी लोकरीचं कडं दिसतं. ते ब्लेडने कापून, चिमट्याने ओढून काढावं लागतं, नाहीतर बेअरिंगचं सील उचकटतं. हे काम दोन्ही गाड्यांत चारही चाकांना आहे, पण फोर-व्हीलमध्ये पुढच्या शाफ्टच्या सांध्यातही धागे अडकतात आणि तिथे सहज हात पोचत नाही.

डिफचं तेल बदलायचं असेल तर टू-व्हीलमध्ये तासाभराचं काम. फोर-व्हीलमध्ये पुढचा डिफ काढायला बहुतेक गाड्यांत शॉक टॉवर (शॉक अॅब्सॉर्बर जिथे अडकवतात ती उभी पट्टी), वरची प्लेट, कधी स्टिअरिंगचे दुवेही सोडावे लागतात. नोकरी सांभाळून हा छंद करणाऱ्याची एक पूर्ण संध्याकाळ त्यात जाते. ज्याला स्क्रू, शिम, ग्रीस यांत रमायला आवडतं त्याच्यासाठी हे सुखच आहे, ते मी नाकारत नाही. पण शनिवारी रात्री अकराला पुढचा डिफ उघडा पडलेला आणि सकाळी शर्यत, ही पाळी फोर-व्हीलवाल्यांवरच जास्त येते.

पाइपला धडकल्यावर दोन्ही गाड्यांत पहिला बळी पुढच्या ए-आर्मचा, म्हणजे चाक चेसिसला जोडणाऱ्या दांड्याचा, असतो. टू-व्हीलमध्ये आर्म बदलला की झालं. फोर-व्हीलमध्ये त्याच धक्क्याने ड्राइव्हशाफ्ट वाकला का तेही बघावं लागतं. चाक हाताने सावकाश फिरवायचं; एका ठिकाणी अडखळलं की समजायचं.

पैसा आणि सुटे भाग

एकाच कंपनीच्या टू-व्हील आणि फोर-व्हील किटमध्ये फोर-व्हील साधारण पाव ते एक तृतीयांश महाग पडते. पण माझ्या मते खरेदीच्या किमतीहून सुट्या भागांचा प्रश्न मोठा आहे. परदेशातून मागवलेलं पार्सल खेळणी म्हणून धरलं गेलं तर भुर्दंड मोठा असतो: खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 टक्के झालं. त्यामुळे जे भाग गावात मिळतात ते गावातच घ्यावेत. बेअरिंग इंदूरच्या सियागंज बाजारात मिळून जातात. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून न्या, गाडीचं नाव सांगून उपयोग नाही. स्क्रू, लॉकनट, सोल्डरिंगचं सामान यांचीही अडचण नाही. आर्म, गिअर, डिफचे कप मात्र मागवावेच लागतात, आणि फोर-व्हीलमध्ये असे भाग जास्त आहेत.

यातून एक व्यवहारी नियम निघतो. ट्रॅकवर आधीपासून ज्या गाड्या जास्त संख्येने आहेत, त्यांपैकीच एक घ्या. ऐन शर्यतीत आर्म तुटला तर शेजारच्या टेबलावरून मागून आणता येतो. कितीही चांगली असली तरी हॉलमध्ये एकटीच असलेली गाडी एका तुटलेल्या भागासाठी महिनाभर कपाटात बसते.

सुरुवातीच्या गाड्यांत टामियाची डीटी-03 ही टू-व्हील आणि टीटी-02बी ही फोर-व्हील, दोन्ही किटच्या रूपात मिळतात आणि स्वतः जोडाव्या लागतात. दोन्हींत बेअरिंगच्या जागी प्लास्टिकच्या बुश (साधी कडी) येतात. जोडतानाच त्यांच्या जागी बॉल बेअरिंग बसवा, नंतर सगळं पुन्हा उघडायला लागू नये. आणखी एक गाडी हमखास सुचवली जाते ती डब्ल्यूएलटॉइजची 144001. चार चाकांची, अॅल्युमिनियमच्या चेसिसची, तयार मिळणारी, आणि किमतीच्या मानाने फार दमदार. पण ती एक चौदांश मापाची आहे. एक दशांशच्या वर्गात ती धावू शकत नाही, आणि तिचे टायर, चाकं, आर्म पुढच्या गाडीला उपयोगी पडत नाहीत. तुमच्या ट्रॅकवर त्या मापाचा वेगळा वर्ग भरत असेल तरच तिचा विचार करावा.

टू-व्हील घेताना मोटर मागच्या चाकांच्या मागे आहे की पुढे, हेही पाहा. मागे असलेली मातीवर चांगली, कारण वजन मागच्या चाकांवर दाबून बसतं. कार्पेटवर पकड मुबलक असल्याने मोटर मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे मध्यावर असलेली गाडी वळणात जास्त नेमकी वागते. डीटी-03 मागच्या मोटरची आहे. शिकायला ती चालते, पुढे जाऊन बदलावीशी वाटेल.

मोटर आणि बॅटरी

मोटर साधी ब्रश असलेली 540 (हे मोटरचं प्रमाणित माप) घ्या किंवा 17.5 टर्नची, म्हणजे तारेच्या वेढ्यांची, ब्रशलेस. वेग दोन्ही गाड्यांना पुरेसा मिळतो. फोर-व्हीलमध्ये फिरवायचं सामान जास्त, म्हणून तेवढ्याच मोटरवर ताण वाढतो आणि ती जास्त तापते. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर पारा असताना पत्र्याच्या हॉलमध्ये हा फरक बोटाला जाणवतो. मोटरचं तापमान 80 अंश सेल्सिअसच्या वर जात असेल तर पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) एक-दोन दात लहान लावा.

लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीबाबत मात्र दोन्ही गाड्यांना नियम एकच, आणि तो मी कोणालाही सैल करू देत नाही. एक सेल भरल्यावर 4.2 व्होल्ट, त्याहून वर नाही. चालवताना 3.2 च्या खाली नको, ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राचा) कट-ऑफ चालू आहे ना ते आधी तपासा. आठवडाभर ठेवायची तर 3.8 वर आणून ठेवा. पाच हजार एमएएचची बॅटरी पाच अँपिअरने चार्ज करा, सगळे सेल सारखे भरणारी बॅलन्सची तार लावूनच. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची नाही. घरात लहान मूल असेल आणि चार्जिंगकडे लक्ष द्यायला कोणी नसेल तर पहिलं वर्ष सरळ 7.2 व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड वापरा. ती जड आहे, शेवटच्या मिनिटाला मंदावते, पण आगीची काळजी कितीतरी कमी.

जुनी मिळत असेल तर

कोणी वर्ग बदलला की त्याची गाडी विकायला निघते, आणि पहिल्या गाडीसाठी हा चांगला मार्ग आहे. टू-व्हील तपासायला पाच मिनिटं पुरतात: स्पर गिअर (मोटरच्या पिनियनने फिरणारा मोठा गिअर) धरून एक मागचं चाक फिरवा, खरखर आली तर डिफ उघडावा लागेल. मग चेसिस टेबलावर सपाट ठेवून वाकली आहे का बघा. फोर-व्हील असेल तर पुढचं एक चाक धरून मागचं फिरवा, दोन्ही डिफ वेगवेगळे ऐका, मधल्या शाफ्टला किती ढिलाई आहे ते हलवून पाहा, आणि पुढचा डिफ शेवटचा कधी उघडला होता ते विक्रेत्याला विचारा. तो सांगू शकला नाही तर दोन्ही डिफच्या गिअरचा खर्च धरूनच सौदा करा.