जुने चेहरे बघायचे, तर आधी चित्र की फोटो?

जुन्या काळातली माणसं जवळून बघायची हौस आहे, पण वेळ थोडा आहे. मग रंगवलेली व्यक्तिचित्रं बघावीत की सुरुवातीचे फोटो? माणूस खरा कसा दिसायचा ते हवं असेल तर फोटो, असं मीही बेधडक सांगायचो.

आता सांगत नाही. १८३९ साली जाहीर झालेला दागेरोटाइप, म्हणजे फोटोचा अगदी सुरुवातीचा प्रकार, घ्या. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटलेली ही प्रतिमा बहुधा आरशातल्यासारखी उलटी असते, म्हणजे भांग दिसतो त्याच्या विरुद्ध बाजूला होता. सुरुवातीला पुरेसा प्रकाश मिळायला काही मिनिटंसुद्धा लागत, म्हणून डोकं मागून लोखंडी चिमट्यात अडकवत. इतका वेळ हसू कोण टिकवणार? शिवाय तेव्हाच्या रसायनांना निळा रंग फार लवकर दिसे आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळे डोळे पांढुरके येत आणि गालावरचे तांबूस ठिपके काळे पडत. ‘काय कडक माणूस!’ म्हणण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

उलट लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं यान व्हान आइकचं १४३३चं लाल पागोटेवाल्याचं चित्र बघा. उंची जेमतेम २६ सेंमी, पण हनुवटीवरचे दाढीचे खुंट दिसतात, डोळ्यातल्या बारीक लाल शिराही. चित्रकार खुशामत करतो हा आक्षेप मात्र खोटा नाही. इंग्लंडच्या राजा आठव्या हेन्रीने लग्नाच्या बोलणीत चित्रकार होल्बाइनकडून नियोजित वधू ॲन ऑफ क्लीव्ह्जचं चित्र काढून घेतलं (१५३९). जानेवारी १५४० मध्ये लग्न झालं, जुलैत ते रद्द. यात चूक कुंचल्याची की राजाची, यावर अजून वाद घालतात. मी कुंचल्याच्या बाजूने आहे.

माझा सल्ला असा: संग्रहालयात जाणं होणार असेल तर छोटी चित्रं आणि दागेरोटाइप आधी गाठा. दागेरोटाइप तर प्रत्यक्षच बघावा. जरा बाजूला सरकलं की चेहरा निगेटिव्ह होतो, आणखी सरकलं की त्यात आपलंच तोंड दिसतं. स्क्रीनवर ही गंमत उरत नाही.

घरीच बसून बघायचं असेल तर १८५०नंतरचे कागदी फोटो-कार्ड घ्या, आणि मोठे करून बघा. चेहरा राहू दे, उभ्या माणसाच्या बुटांमागे नजर टाका. त्या चिमट्याच्या स्टँडचा पाय तिथून पुष्कळदा डोकावत असतो.