मॉनिटर बघायला जाताना आधी सुकाणूपाशी जा : मरिनर्स म्युझियम, न्यूपोर्ट न्यूज

व्हर्जिनियातल्या या संग्रहालयात बहुतेक जण ‘मॉनिटर’ या अमेरिकी यादवी युद्धातल्या उत्तरेच्या लोखंडी युद्धनौकेचा, तोफांचा फिरता बुरूज बघायला येतात. बघावाच. पण ९ मार्च १८६२ ची हॅम्प्टन रोड्स या जवळच्या खाडीतली लढाई समजून घ्यायची असेल, तर सुरुवात बुरुजापासून करू नका. बाहेर नौकेची मूळ मापाची प्रतिकृती आहे. आधी तिच्या डेकवर चढा आणि नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाकडच्या, सुकाणूच्या कोठडीपाशी थांबा. डेकवर सावली नाही, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळीच उरका.

मूळ कोठडी नऊ इंच जाडीच्या लोखंडी तुळयांची होती आणि बाहेर बघायला फट जेमतेम अर्ध्या इंचाहून थोडी जास्त. आत कप्तान जॉन वॉर्डन, वाटाड्या आणि चाकावर पीटर विल्यम्स हा नॉर्वेत जन्मलेला सुकाण्या. इथून मागे वळून बुरुजाकडे बघितलं की रचनेतला मोठा दोष लगेच कळतो: कोठडी मध्ये येत असल्यानं तोफा सरळ पुढे डागता येत नसत. त्यात बुरुजाशी बोलण्याची नळी लढाईच्या सुरुवातीलाच तुटली आणि हुकूम माणसांकरवी पोचवावे लागले. बुरूज एकदा फिरू लागला की हवा तिथे थांबत नसे. म्हणजे नेम साधायला सुकाण्यानं नौका योग्य कोनात धरणं फार महत्त्वाचं होतं.

दुपारच्या सुमारास दक्षिणेच्या ‘व्हर्जिनिया’ या चिलखती नौकेचा गोळा त्या फटीवरच फुटला. वॉर्डन यांना काही काळ दिसेनासं झालं, एक तुळई तडकली. ‘मॉनिटर’ उथळ पाण्याकडे वळली. पाण्याखाली २२ फूट खोल तळ असलेल्या ‘व्हर्जिनिया’ला तिकडे येणं शक्य नव्हतं, ओहोटी लागली तशी ती नॉर्फोककडे परतली. लढाईभर सुकाणू सांभाळल्याबद्दल विल्यम्सला एप्रिल १८६३ मध्ये मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. पदकाच्या नोंदीत शत्रूच्या नौकेचं जुनं नाव, ‘मेरिमॅक’, आहे. गोंधळू नका, नौका एकच.

आता आत जा. ‘मॉनिटर’ पुढे वादळात बुडाली; तिचा खरा बुरूज २००२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या केप हॅटेरसजवळच्या समुद्रतळावरून उलटा काढला. एकेक इंचाच्या पत्र्यांचे आठ थर, आतला व्यास २० फूट, शिवाय ११ इंची दोन डालग्रेन तोफा. तो अल्कली द्रावणाच्या टाकीत ठेवून सौम्य विद्युतप्रवाहानं लोखंडातले क्षार काढतात. तसाच वाळवला तर क्षारांचे स्फटिक होऊन लोखंडाच्या खपल्या निघतील. टाकी भरलेली असताना बुरूज नीट दिसत नाही. म्हणून जाण्याआधी फोन करून टाकी कधी रिकामी असते ते विचारा. आत त्याची सापडला त्या अवस्थेतली प्रतिकृती आहे, ती मात्र केव्हाही बघता येते.

तीन तास हाताशी ठेवा. त्याच दिवशी हॅम्प्टनच्या फोर्ट मन्रोवरून लढाईचं पाणीही बघता येतं.