आठ महिने सायकलने ऑफिस: गिअर एकवीस, कामाचे पाच

आधी हिशोब सांगतो कारण सायकल घेतली ती हिशोबासाठीच, फिटनेस वगैरे नंतर आपोआप चिकटलं. ऑफिस घरापासून 9 किलोमीटर, जाऊन येऊन 18, महिन्याचे 22 दिवस धरले तर 396. माझी बाईक लिटरला 45 देते (कागदावर जास्त आहे, पण सिग्नलला थांबत थांबत जाणारी गाडी अजून किती देणार), म्हणजे महिन्याला जवळजवळ 9 लिटर पेट्रोल वाचणार असं मी वहीत लिहून अधोरेखित पण केलं होतं. प्रत्यक्षात महिन्याला 22 दिवस कधी झालेच नाहीत. कधी पाऊस, कधी उशीर, कधी सरळ कंटाळा. सरासरी 15 दिवस पडले, म्हणजे महिन्याला 270 किलोमीटर आणि बरोब्बर 6 लिटर. आठ महिन्यांचे 48. वाईट नाही, पण 72 नाही, आणि जो कोणी सायकल घ्यायच्या आधी असा हिशोब मांडतोय त्याने स्वतःच्या आळसाचे दिवस आधी वजा करावेत. कारने जाणाऱ्यांचं गणित वेगळं, लिटरला 15 देणारी गाडी असेल तर तेवढ्याच अंतरात 18 लिटर वाचतं, तिथे सायकलचे पैसे लवकर फिटतील.

आणि हो, बाईक विकली नसेल तर तिचा इन्शुरन्स, सर्व्हिसिंग चालूच राहतं. माझी तर उभ्या उभ्या बॅटरी उतरली, पेट्रोल वाचवायच्या नादात नवीन बॅटरी घातली 🙂

आता सायकल. हायब्रिड प्रकारातली (म्हणजे रस्त्याची रेसर आणि डोंगरातली यांच्या मधली), ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे 3 चकत्या गुणिले मागे 7 असे एकवीस गिअर, पुढे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, टायर 700 बाय 35 (म्हणजे 35 मिलिमीटर रुंद). कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, याच वर्गातल्या दुसऱ्या कुठल्याही कंपनीची घेतली असती तरी मी हेच लिहिलं असतं. दुकानासमोर दोन चकरा मारल्या, सस्पेन्शन मस्त दबलं, गिअर खटखट पडले, झालो खूश. दोन चकरांत कळायला पाहिजे होतं ते काहीच कळलं नाही.

सस्पेन्शन: माझ्या मते रोजच्या डांबरी रस्त्याला पूर्ण वाया. सायकल उगाच जड होते, आणि चढावर सीटवरून उठून पायडल मारायला गेलं की पुढचा भाग खालीवर डुलत बसतो, म्हणजे आपण लावलेल्या जोरातला थोडा स्प्रिंग दाबण्यात जातो. खड्डा तर 35 च्या टायरमधली हवाच बऱ्यापैकी पचवते. जॉन डनलॉप नावाच्या पशुवैद्याने 1888 मध्ये पोराच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवले ते याच कारणासाठी, की दगडी रस्त्यावर हादरे कमी बसावेत, आणि आपण अजून वर स्प्रिंग लावून वजन वाहतोय. परत घेईन तर साध्या सरळ फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणारा दांडा बिनस्प्रिंगचा.

गिअर: पुढे 42, 34, 24 दात, मागे 14 ते 28. एकवीस हा आकडा जाहिरातीचा आहे, कारण बरेचसे गिअर एकमेकांसारखेच पडतात. पुढे 42 मागे 24, पुढे 34 मागे 20 आणि पुढे 24 मागे 14, तिन्हीत चाक जवळपास तेवढंच फिरतं, पायडलच्या एका फेऱ्याला पावणेदोन फेरे. शिवाय पुढची सगळ्यात मोठी आणि मागचीही सगळ्यात मोठी असं लावलं तर चेन तिरकी ओढली जाते आणि घासायला लागते. मी पुढची चेन कायम मधल्या चकतीवर ठेवतो, मागचे पाच बदलतो, बास. सर्वात लहान चकती आठ महिन्यांत दोनदा वापरली असेल, त्यातल्या एकदा चेनच पडली.

ब्रेकला मात्र पूर्ण मार्क. हा ब्रेक रिमला नाही, चाकाच्या मधल्या चकतीला पकडतो, त्यामुळे पावसात रिम ओली असली तरी डिस्कला फरक पडत नाही, आणि मागून ट्रक असताना समोर कोणी गाडीचं दार उघडलं की हे पटतं. तारेचे आहेत, त्यामुळे महिन्या दोन महिन्यांनी तार थोडी ताणायला लागते, ते घरी जमतं.

खरी तक्रार पुढेच आहे. या सायकलला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड पण वेगळा घ्यायला लागला. दुकानदार म्हणाला, "कॅरिअर लावू नका साहेब, लुक जातो." मी पण ऐकलं. पहिल्याच पावसात, पाऊस सुद्धा नाही, पाऊस थांबल्यावर नुसत्या ओल्या रस्त्यावरून ऑफिसला पोचलो, मीटिंगमध्ये बोर्डवर लिहायला पाठ फिरवली तर मागे सगळे खुसखुसायला लागले. कमरेपासून मानेपर्यंत शर्टावर चिखलाचा सरळ पट्टा, कोणीतरी ब्रशने ओढल्यासारखा. आणि लॅपटॉपची सॅक पाठीवर असल्यामुळे कोरड्या दिवशी पण पाठ ओलीच असायची. शेवटी मडगार्ड, कॅरिअर, कॅरिअरला अडकवायची बॅग, पुढचा मागचा लाईट, यू लॉक, हवेचा पंप असं एकेक येत गेलं. बायको म्हणाली, "पेट्रोल वाचवायला निघालास की दुकान टाकायला?" लुक गेलाच, पण आता पाठ कोरडी असते. ऑफिससाठी सायकल बघत असाल तर गिअर मोजू नका, फ्रेमला मडगार्ड आणि कॅरिअरचे स्क्रू बसायची भोकं आहेत का ते वाकून बघा. माझ्या फ्रेमला होती हे नशीब.

घामाबद्दल सगळे विचारतात. घाम अंतराने येत नाही, घाईने येतो. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, त्यामुळे 17 वरून 20 च्या वेगाला जायला पायांना जोर बराच लागतो आणि 9 किलोमीटरला वाचतात जेमतेम पाच मिनिटं. ती पाच मिनिटं मी घरून लवकर निघून भरून काढतो, शेवटचा एक किलोमीटर तर मुद्दाम रमतगमत जातो. एक शर्ट तरी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतोच.

पंक्चर तीन झाली, त्यातली पहिली दोन माझ्या मूर्खपणाने. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात धरली तर शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. तो म्हणाला खिळा बिळा काही नाही, हवा कमी होती, खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. ट्यूबमधून हवा पंक्चर नसतानाही हळूहळू जात असते हे मला माहीतच नव्हतं, मी महिना महिना बघायचो नाही. टायरच्या बाजूला 50 ते 75 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय, माझं वजन 78 किलो, मागे 65 पुढे 60 ठेवतो, दर रविवारी. तेव्हापासून एकच झालं, ते खरंच काचेने.

सीटचं पण सांगतो, पहिले दोन आठवडे गुडघे दुखले आणि मी सायकललाच शिव्या घालत होतो. सीट खाली होती. टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे चालवताना चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकतो. सीट तीन बोटं वर घेतली, दुखणं गेलं. मागची रिम एकदा आउट झाली होती, म्हणजे फिरताना डुलत होती, ती पंधरा मिनिटांत सरळ करून मिळाली.

पाचपैकी तीन. दीड मार्क सस्पेन्शन आणि नसलेल्या मडगार्डचा कापला, अर्धा त्या कडक सीटचा.

गेल्या रविवारी पट्टी लावून चेन मोजली. नवीन चेनच्या बारा पूर्ण कड्या (एक रुंद आणि एक अरुंद मिळून एक) बरोबर 12 इंचात बसतात, एक सोळांश इंच जास्त भरली की बदलायची, नाहीतर मागच्या दात्यांना खाते. माझी तेवढी भरली. वहीत 48 लिटरच्या समोर लिहून टाकलं, चेन एक.