दीड व्होल्टवरून एसी: एक ट्रान्झिस्टर की दोन?

एका पेन्सिल सेलवर एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह, काढायचा म्हटलं की गाडी दोन सर्किटांपाशी येऊन थांबते. एक ट्रान्झिस्टर आणि फेराइटची रिंग घेऊन केलेला जूल थीफ, नाहीतर दोन ट्रान्झिस्टर आणि उलटा लावलेला सेंटर टॅप (गुंडाळीच्या मधूनही तार काढलेला) ट्रान्सफॉर्मर. ५५५ या टायमर चिपचं नाव काढू नका, साध्या ५५५ ला साडेचार व्होल्ट लागतात.

कागदावर दोनवालं सरस, हे कबूल. लाटेच्या दोन्ही बाजू सारख्या येतात, आणि गुंडाळायचं काहीच नाही. बर्डीच्या बाजारातून ६-०-६ व्होल्टचा सेंटर टॅप ट्रान्सफॉर्मर आणला की संध्याकाळी काम तयार. जूल थीफच्या रिंगवरच्या दोन गुंडाळ्यांना तिसरी जोड दिली की मिळतो तो एसीच, पण लंगडा: एकीकडे उंच टोक, दुसरीकडे पसरट. मल्टिमीटर त्यावर वाट्टेल ते दाखवतो, मी बघणंच सोडलं.

तरी माझं मन दोनवाल्यावरून उडालं ते एकाच गोष्टीने. सेल उतरत आला की ते अडकतं. एक ट्रान्झिस्टर चालूच राहतो, दुसरा उठत नाही, आणि ट्रान्सफॉर्मर म्हणजे सेलच्या दोन टोकांमधली नुसती तार होते. गुणगुण थांबली, बंद झालं असेल, म्हणून मी जेवायला गेलो. आलो तर सेल संपलेला. असं तीनदा झालं. आमच्याकडे मे महिन्यात टेबलावरची प्रत्येकच वस्तू कोमट, त्यामुळे हात लावूनही कळत नाही.

जूल थीफ मरतो तोही शांतपणे, मंद होत होत. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला सुरू व्हायला साधारण ०.६ व्होल्ट पुरतात, आणि तापमान अंशाने वाढलं की ही गरज सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते. डिसेंबरात मी टाकून दिलेले सेल उन्हाळ्यात पुन्हा चालले, ते बहुधा त्यामुळेच.

कटकट त्यातही आहे. बेसची गुंडाळी उलटी लागली तर ढिम्म, मग टोकं बदला. तारेच्या टोकांवरचं एनॅमल, म्हणजे लाखेसारखा थर, नीट खरवडा. तिसऱ्या गुंडाळीला हात लावू नका, दीड व्होल्टचा सेल असला तरी झटका बसतो.

लाट दोन्ही बाजूंनी सारखीच हवी असेल तर दोनवालं करा, फक्त उठताना स्विच बंद करा. माझ्या रिंगवर दोनशेच्या आसपास वेढे आहेत. मोजताना लाइन गेली आणि आकडा विसरलो. जुन्या सीएफएलची नळी त्यावर उजळते. वाचता येत नाही, पण जिन्याची पायरी दिसते.