टेंडर भरून देणारा सल्लागार: कागदांना पैकीच्या पैकी, सल्ल्याला नापास

माझं छोटं लेथ वर्कशॉप आहे, मालकी माझ्या एकटीच्या नावावर. एका केंद्रीय कंपनीच्या ८०० ब्राँझ बुशांच्या टेंडरसाठी हा सल्लागार धरला. फी ४,००० रुपये.

कागदांचं काम चोख. उद्यम नोंदणीतला (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीतला) पत्ता आणि जीएसटीचा पत्ता जुळत नव्हता, ते त्यानेच पकडलं. लघुउद्योग म्हणून अनामत रक्कम माफ असते, तीही नीट करून घेतली.

पण पहिल्याच भेटीत म्हणाला, "ताई, महिला कोटा आहे, ऑर्डर तुमचीच समजा." ही शुद्ध थाप. २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची. त्यातलेच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचे, ३ टक्के महिलांचे. हे खरेदीदाराचं वार्षिक उद्दिष्ट, माझ्या टेंडरवर माझा शिक्का नव्हे.

झालं असं: सर्वांत कमी दर एका मोठ्या कारखान्याचा, नगाला ४०० रुपये. माझा ४४८. याच धोरणात लघुउद्योगाचा दर सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत असला, म्हणजे इथे ४६० पर्यंत, तर त्याच कमी दरात काही माल द्यायची संधी मिळते; म्हणून मला विचारलं, ४०० ला देता का? हो म्हटलं आणि पाव हिस्सा मिळाला, २०० नग. कास्टिंग, टर्निंग, पॅकिंग, वाहतूक धरून मला नग पडतो ३८८ ला. बारा रुपये गुणिले दोनशे, चोवीसशे. फी चार हजार. करा हिशेब!

शेजारचे शेडवाले म्हणतात, "बायकांना काय, आयतं मिळतं." अहो, सरकारने मला एक पैसा जास्त दिला नाही, त्या कारखान्याच्याच दरात माल घेतला. फक्त दार उघडलं. यात अन्याय कुठे, ते मला अजून कळलेलं नाही.

अन्याय दिसला तो याच सल्लागाराच्या ऑफिसात. माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "फर्म वहिनींच्या नावावर करा, सही तेवढी त्यांची." उद्दिष्टाच्या आकड्यात ती वहिनी आणि मी सारख्याच मोजल्या जाणार. लेथवर उभं राहून माझ्या हाताला बारीक चुरा टोचतो, तिला फर्मचं नाव तरी माहीत असेल का?

कागद जमवायला जायचं तर जा, पण फी आधी घासाघीस करून ठरवा. पुढचं टेंडर मी स्वतः भरतेय, पत्ते जुळवून ठेवलेत.