हवामानाच्या ॲपवरची टक्केवारी : सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहते आणि कांदा-लसूण चटणी करून विकते. वर्षभराच्या चटणीची मिरची मार्च ते मे या काळात गच्चीवर वाळवून घ्यावी लागते आणि वळवाचे दिवसही नेमके तेच असतात. पसरलेल्या मिरचीवर एक सर आली तरी तिचा रंग उतरतो, पुन्हा वाळवली तरी बुरशीची भीती राहते आणि तसला माल मी गिऱ्हाइकाला देऊ शकत नाही. म्हणून मार्चअखेरीस मी फोनवर हवामानाचे एक ॲप घेतले. ते दर तासाचे तापमान, वारा आणि पावसाची शक्यता टक्क्यांत दाखवते. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला आलेला अनुभव अशा कोणत्याही ॲपवर येऊ शकतो. पाऊस किती वेळा अचूक कळला यापेक्षा, त्या आकड्यांमुळे माझे आभाळाकडे पाहणेच कसे बदलले, याविषयी मला लिहायचे आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातील गोष्ट आहे. दुपारी तीनच्या सुमारास सासूबाई गच्चीवरून खाली आल्या आणि म्हणाल्या, "वारं एकदम पडलंय बघ, मिरची गोळा कर." मी फोन पाहिला. सूर्याचे चित्र होते आणि त्याखाली २०% असे लिहिले होते. "आत्ती, ॲपवर ऊनच दाखवलंय," असे मी म्हणाले आणि हिशेबाच्या वहीत पुन्हा डोके घातले. पाऊण तासात वीस किलो ब्याडगी भिजली. त्या संध्याकाळी मला ॲपचा फार राग आला, परंतु शांतपणे विचार केल्यावर लक्षात आले की ॲपने पाऊस येणार नाही असे म्हटलेच नव्हते. अशा पाच दिवसांत एक दिवस पाऊस येतो, एवढेच त्याचे म्हणणे होते. २०% म्हणजे "नाही" हा अर्थ माझा मी लावला होता आणि त्या सूर्याच्या चित्राने मला तो लावायला मदत केली होती. आकडा आणि चित्र शेजारी असले, तर डोळा चित्रावर विश्वास ठेवतो आणि आकडा केवळ वाचून सोडून देतो, हे मी पुढेही अनेकदा पाहिले.

या नुकसानीनंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. ४०% दिसले की मिरची पसरायचीच नाही, असे ठरवून मी सलग तीन दिवस पोती घरात ठेवली आणि तिन्ही दिवस कडक ऊन पडले. आधी लहान आकड्याला मी शून्य समजत होते, आता मध्यम आकड्याला शंभर समजू लागले. मधल्या अनिश्चित जागेत मनाला राहवत नाही. ते लगेच "होय" किंवा "नाही" या दोहोंपैकी एका बाजूला जाऊन बसते.

मग मी एक वही केली. सकाळी सात वाजता दिसलेला दिवसाचा आकडा आणि रात्री प्रत्यक्ष काय घडले ते, एवढेच तिच्यात लिहायचे. मेअखेरपर्यंत ४०% चे अकरा दिवस नोंदले गेले होते आणि त्यांपैकी चार दिवस आमच्या गच्चीवर पाऊस झाला होता. अकरा दिवसांवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही त्या नोंदींनी माझा राग घालवला. एका दिवसावरून टक्केवारी खरी की खोटी हे ठरतच नाही. ती अनेक दिवसांच्या रांगेतच तपासावी लागते. हे आकडे कसे निघतात याविषयीही मी वाचले. युरोपातील मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचे केंद्र सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून एकच गणित ५१ वेळा चालवते आणि त्यांपैकी किती उत्तरांत पाऊस पडतो त्यावरून शक्यता काढता येते. म्हणजे यंत्राला जी शंका आहे ती आपल्यापर्यंत पोहोचवण्याचे साधन म्हणजे टक्केवारी. मी मात्र तिच्यातून शंका काढून टाकून उरलेला भाग वाचत होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली न्यूयॉर्क, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, मिलान आणि अथेन्स येथील लोकांना "उद्या पावसाची शक्यता ३०%" याचा अर्थ विचारला होता, तेव्हा उद्याच्या वेळेपैकी ३०% वेळ किंवा परिसराच्या ३०% भागात पाऊस, असे अर्थ अनेकांनी सांगितले होते. कशाचे ३०%, हे वाक्यात सांगितलेलेच नसते.

वहीमुळे व्यवहारातली एक गोष्ट पक्की झाली. मिरचीवर ताडपत्री ओढायला दोघींना दहा मिनिटे लागतात आणि एक खेप भिजली तर हजारोंचे नुकसान होते. त्यामुळे गच्चीवर मिरची असेल तर २०% हा मोठा आकडा आहे आणि त्या दिवशी कोणीतरी घरी थांबलेच पाहिजे. गच्चीवर नुसते धुणे असेल तर तोच आकडा मी सोडून देते.

जुलैत प्रश्न मिरचीचा उरला नाही, पंचगंगा नदीचा झाला. आमच्या पेठेत २०१९ आणि २०२१ ही महापुराची दोन वर्षे कोणी विसरलेले नाही. दोन्ही वेळा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाण्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. हवामान खात्याचा इशारा "कोल्हापूर घाट क्षेत्र" यासाठी वेगळा असतो. एका सकाळी फोनवर घाटासाठी ऑरेंज अलर्ट आला, पण शहरात स्वच्छ ऊन होते. गल्लीत जो तो म्हणाला की यांचा अंदाज पुन्हा चुकला. वास्तविक इशारा गगनबावडा आणि राधानगरीच्या बाजूचा होता आणि कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती या नद्यांचे पाणी शेवटी पंचगंगेतूनच आमच्याकडे येते. दोन दिवसांनी पाणी चढू लागले, तेव्हा त्या इशाऱ्याची आठवण कोणाला नव्हती. जो अंदाज आपल्या डोक्यावरच्या आभाळाशी जुळत नाही तो खोटा वाटतो आणि मग पुढच्या इशाऱ्याचे वजनही कमी होते, हे मला त्या वेळी फार अस्वस्थ करून गेले.

त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवरही एक वेगळा प्रकार पाहिला. माझ्या पुतण्याने ॲपवरचे "७०% शक्यता, संध्याकाळनंतर" हे वाचून "उद्या जोरदार पाऊस" असे लिहिले आणि पुढच्या दोन ग्रुपांत जाईपर्यंत ते "उद्या पूर येणार" असे झाले. नेमका त्याच रात्री राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडल्याचा संदेश आला. त्या धरणाचे सातही दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटते. दरवाजा उघडला ही घडलेली गोष्ट होती आणि उद्याचा पाऊस हा अंदाज होता. फोनवर मात्र दोन्ही संदेश एकाच अक्षरांत, एकाखाली एक आले आणि आमच्या घरात दोन्हींविषयी "मोबाईलवर आलंय" एवढेच बोलले गेले. सासरे मात्र शिवाजी पुलावर जाऊन मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलावरच्या पुराच्या जुन्या खुणेपर्यंत चढले का, ते स्वतः पाहून आले आणि मगच सामान माडीवर चढवायचे की नाही ते ठरले.

मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट यापेक्षाही सूक्ष्म आहे. ॲपवर ७०% वाचून गच्चीवर गेले की ढग मला दाट दिसत आणि १०% वाचून गेले की तसलेच ढग विरळ वाटत. यंत्राच्या सांगण्याकडे झुकण्याच्या या प्रवृत्तीला मानसशास्त्रात ऑटोमेशन बायस म्हणतात. माझ्या बाबतीत निर्णयच नव्हे तर नजरही झुकत होती. म्हणून ऑगस्टपासून मी क्रम बदलला. आधी आभाळ पाहायचे, वारा आणि उकाडा पाहायचा, सासूबाईंना विचारायचे, आमचा अंदाज वहीत लिहायचा आणि त्यानंतरच ॲप उघडायचे. पुढच्या एक-दोन तासांसाठी सासूबाईंचा अंदाज ॲपहून चांगला ठरतो आणि उद्या-परवासाठी ॲप आम्हा दोघींहून चांगले ठरते, असे आतापर्यंतच्या नोंदींवरून दिसते.

ॲप मी काढून टाकलेले नाही आणि ज्यांचे काम उन्हा-पावसावर चालते त्यांनी असे ॲप जरूर घ्यावे. परंतु सूचनांचा आवाज बंद ठेवावा, पहिल्या पानावरचे चित्र सोडून तासांचे पान उघडावे आणि निदान दोन महिने स्वतःची नोंद ठेवावी. बनवणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे : पावसाची शक्यता २०% असताना सूर्याचे चित्र दाखवू नका आणि टक्केवारी कोणत्या भागाची व किती तासांची आहे ते तिच्या शेजारीच मराठीत लिहा. आमच्या घरच्या ग्रुपवर आता पुतण्या संदेश पाठवताना आकडा, वेळ आणि "घाट" किंवा "शहर" हा शब्द गाळत नाही. गाळला तर सासूबाई आधी तेच विचारतात.